धूळ जाते कुठे? औषधनिर्मितीतील एक्झॉस्ट स्क्रबर, पाण्याच्या बाजूने पाहताना

गोळ्या आणि कॅप्सूल तयार करणाऱ्या कारखान्यात धूळ टाळता येत नाही. कच्च्या मालाचे वजन करताना, तो चाळताना, मिलमध्ये दळताना, ओले मिश्रण फ्लुइड बेड ड्रायरमध्ये वाळवताना, कॉम्प्रेशन मशीनवर गोळी दाबताना आणि कोटिंग पॅनमध्ये तिच्यावर लेप चढवताना, अशा प्रत्येक टप्प्यावर भुकटीचा काही अंश हवेत मिसळतो. ही हवा खोलीबाहेर ओढून, वातावरणात सोडण्यापूर्वी पाण्याच्या थेंबांमधून किंवा पाण्याच्या पातळ थरावरून नेऊन धुणारे उपकरण म्हणजे स्क्रबर. खरेदीच्या कागदपत्रांत त्याचे सगळे वर्णन हवेच्या भाषेत केलेले असते: ताशी किती घनमीटर हवा, किती टक्के कार्यक्षमता, किती अश्वशक्तीचा ब्लोअर. पाण्याविषयी बहुधा एकच ओळ असते आणि तीही टाकीच्या क्षमतेची. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्क्रबरमध्ये धूळ नाहीशी होत नाही, ती हवेतून पाण्यात जाते, आणि त्या पाण्याचे पुढे काय करायचे हे ज्यांनी आधी ठरवलेले नाही त्यांनी आपला प्रश्न फक्त छपरावरून तळमजल्यावर आणलेला असतो.

पाण्याच्या बाजूने विचार करायचा म्हटला की पहिला प्रश्न धुळीच्या आकाराचा राहत नाही. ती पाण्यात पडल्यावर कशी वागते हा पहिला प्रश्न होतो. औषधी धूळ हा एकजिनसी पदार्थ नाही. लॅक्टोज पाण्यात विरघळते, लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅमपर्यंत, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही आणि टाकी स्वच्छ असल्याचा भास होतो. स्टार्च आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज विरघळत नाहीत. ते तळाशी बसतात आणि त्यांचा गाळ होतो. टाल्कही शेवटी तळाशी जाते. हायप्रोमेलोज, पोव्हिडोन यांसारखे बंधक आणि लेपाचे पॉलिमर पाणी दाट करतात, आतल्या पृष्ठभागांवर चिकट थर धरतात आणि पंपाने घुसळले की फेस आणतात. मॅग्नेशियम स्टिअरेट तर भिजायलाच तयार नसते: ते पाण्यावर तरंगते, टाकीच्या कडेला पांढरी कड धरते आणि पातळी दाखवणाऱ्या फ्लोटला चिकटून त्याला खोटे बोलायला लावते. एकाच गोळीच्या सूत्रात हे सगळे घटक एकत्र असू शकतात, त्यामुळे निव्वळ धूळ म्हणून जी कार्यक्षमता सांगितली जाते ती कोणत्या भुकटीवर तपासली आहे हे विचारणे आवश्यक ठरते.

न भिजणाऱ्या भुकटीचा त्रास टाकीपुरता मर्यादित नाही. कण थेंबावर आदळला म्हणजे पकडला गेला असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कणाला थेंबात शिरण्यासाठी पृष्ठताण ओलांडावा लागतो. जलरोधी कण थेंबाच्या पृष्ठभागावर राहतो आणि तो पृष्ठभाग अशा कणांनी झाकला गेला की पुढच्या कणांना धरून ठेवण्याची त्याची क्षमता घटते. पाण्यात थोडे ओले करणारे द्रव्य मिसळण्याची सूचना अशा वेळी हमखास येते. ती चुकीची नाही, मात्र त्याच द्रव्याने फेस वाढतो, आणि फेस डिमिस्टरपर्यंत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतले थेंब अडवणाऱ्या भागापर्यंत, पोहोचला तर जे पकडले होते तेच पुन्हा हवेबरोबर बाहेर जाते. म्हणून अशा द्रव्याचे प्रमाण पुरवठादाराच्या पत्रकावरून न ठरवता, प्रत्यक्ष भुकटी आणि प्रत्यक्ष पाणी बाटलीत घालून हलवून पाहून ठरवावे. हा प्रयोग अगदी साधा आहे, आणि तो न केल्यामुळे पुढे होणारा खर्च साधा नसतो.

आता कणांच्या आकाराकडे वळू. स्क्रबरमधील मुख्य यंत्रणा जडत्वाची आहे. हवा थेंबाला वळसा घालून जाते, जड कणाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही आणि तो थेंबावर आदळतो. वळण्याची ही असमर्थता कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास दहापट कमी झाला की ती जवळजवळ शंभरपट घटते. पाण्याइतकी घनता असलेला १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने खाली येतो. १ मायक्रॉनचा कण मात्र सेकंदाला सुमारे ०.०३५ मिलिमीटर वेगाने उतरतो आणि त्याला एक मीटर खाली यायला जवळजवळ आठ तास लागतात. असा कण हवेचाच भाग असल्यासारखा वागतो. त्याहून खूप लहान, म्हणजे ०.१ मायक्रॉनखालील कण हवेच्या रेणूंच्या धडकांनी इकडेतिकडे भटकत थेंबांपर्यंत पोहोचतात. मधला पट्टा, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचा, दोन्ही यंत्रणांच्या हातून निसटतो. मायक्रोनाइझ केलेल्या, म्हणजे अतिबारीक दळलेल्या, औषधाची भुकटी काही मायक्रॉनांच्या आकाराची असते आणि तिचा बारीक शेपटीचा भाग या पट्ट्याच्या अगदी जवळ येतो. लॅक्टोजसाठी उत्तम ठरलेला स्क्रबर मायक्रोनाइझ केलेल्या घटकासाठी अपुरा पडतो तो यामुळे.

स्क्रबरचे प्रकार अनेक असले तरी औषध कारखान्यांत प्रामुख्याने तीन दिसतात. नुसत्या फवाऱ्यांचा मनोरा सर्वांत साधा. तो ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ बऱ्यापैकी धरतो आणि त्याखाली ढेपाळतो. पॅक्ड बेड, म्हणजे प्लास्टिकच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या आकारांनी भरलेला स्तंभ, वायू आणि बाष्प शोषण्यासाठी उत्तम आहे, पण घन धुळीसाठी तो निवडणे ही मला कधीही न पटलेली प्रथा आहे, कारण स्टार्च आणि पॉलिमर त्या भरावात अडकतात, तिथेच फुगतात आणि काही काळानंतर भराव उपसून धुण्यावाचून मार्ग राहत नाही. तिसरा प्रकार व्हेंच्युरीचा. त्यात हवा एका अरुंद गळ्यातून सेकंदाला साधारण ६० ते १२० मीटर वेगाने नेली जाते, तिथे सोडलेले पाणी फाटून सूक्ष्म थेंब होतात, आणि वेगवान कण व संथ थेंब यांच्यातील वेगाच्या फरकामुळे टकरी वाढतात. बारीक धुळीसाठी ओल्या पद्धतीत व्हेंच्युरीला तोड नाही, परंतु त्याची किंमत वीज बिलात मोजावी लागते.

ती किंमत आकड्यांत पाहू. ताशी १०,००० घनमीटर हवा म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ घनमीटर. स्क्रबरमध्ये १.५ किलोपास्कल दाब खर्च होत असेल तर हवेला द्यावी लागणारी शक्ती सुमारे ४.२ किलोवॉट होते. पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पंख्याच्या दांड्यावर सुमारे ७ किलोवॉट लागतात. एक मायक्रॉनच्या आसपासची धूळ धरायची म्हणून गळा आवळून ५ किलोपास्कल खर्च केले, तर तोच आकडा सुमारे २३ किलोवॉट होतो, आणि ब्लोअर चालू आहे तोवर ही वीज लागतच राहते. त्याऐवजी बारीक धुळीचे काम कोरड्या फिल्टरवर सोपवावे आणि स्क्रबरकडे त्याला जमेल तेवढेच काम ठेवावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मग स्क्रबर लागतोच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पल्स जेटचा, म्हणजे हवेच्या झटक्यांनी साफ होणारा, कार्ट्रिज डस्ट कलेक्टर आणि त्यामागे अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर ही जोडी बहुतेक कोरड्या कामांसाठी पुरेशी आहे, आणि कोरडी धूळ पिशवीत बंद करून जाळून टाकणे हे दूषित पाण्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा सोपे आहे. स्क्रबरची जागा जिथे कोरडा फिल्टर हार मानतो तिथे आहे. त्याचे पहिले ठिकाण कोटिंग मशीनचे. पाण्यातील पॉलिमरचा फवारा गोळीवर बसण्याआधीच वाटेत सुकतो तेव्हा त्याची बारीक, चिकट भुकटी तयार होते आणि ती दमट हवेबरोबर बाहेर येते. कार्ट्रिजच्या कापडावर ती असा लेप धरते की पल्सच्या झटक्याने सुटत नाही. दुसरे ठिकाण फ्लुइड बेड ड्रायर. तिथे हवा उष्ण आणि ओलसर असते, आतल्या फिंगर बॅग, म्हणजे कापडी गाळणी पिशव्या, बहुतेक भुकटी अडवतात, पण एखादी बॅग फाटली किंवा नीट बांधली गेली नाही तर काही मिनिटांत मोठ्या प्रमाणावर माल डक्टमध्ये जातो. अशा अचानक लोंढ्यासाठी स्क्रबर चांगला राखणदार आहे. मात्र फाटलेली बॅग ओळखणारा सेन्सर त्याच्याआधी असायलाच हवा, अन्यथा बॅच संपल्यावर उत्पादन कमी का भरले याचा शोध टाकीच्या तळाशी लागतो.

तिसरे कारण स्फोटाचे. साखर, स्टार्च, लॅक्टोज आणि बहुतेक सेंद्रिय औषधी घटक यांची बारीक धूळ हवेत पुरेशा प्रमाणात पसरली आणि ठिणगी मिळाली तर पेट घेते. २००३ मध्ये अमेरिकेतील किन्स्टन येथे, सिरिंजचे रबरी भाग व तत्सम वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात, छताच्या खोट्या आच्छादनावर साचलेल्या पॉलिथिलीनच्या भुकटीचा स्फोट होऊन सहा कामगार मरण पावले. भुकटी दृष्टीआड साचत राहिली होती. ओली धूळ पेटत नाही म्हणून स्फोटक धुळीसाठी स्क्रबर सुचवला जातो, आणि ते योग्यच आहे, परंतु ओली होते ती स्क्रबरमधली धूळ. मशीनपासून स्क्रबरपर्यंतचा डक्ट कोरडाच असतो. त्यात हवेचा वेग साधारण १५ ते २० मीटर प्रतिसेकंद राखला नाही तर आडव्या भागांत आणि वळणांत धूळ बसते, आणि जिथे कोरडा डक्ट ओल्या कक्षाला मिळतो त्या तोंडाशी अर्धवट भिजलेल्या भुकटीची कडक पपडी जमते. डक्टचे अर्थिंग आणि त्या तोंडाशी तपासणीचे झाकण या दोन गोष्टी आराखड्यात नसतील तर तो आराखडा परत पाठवावा. ड्रायरमध्ये पाण्याऐवजी ज्वलनशील द्रावक वापरला जात असेल तर धूळ आणि बाष्प यांचे मिश्रण एकट्या धुळीपेक्षा सहज पेटते, आणि तिथे नुसत्या स्क्रबरच्या भरवशावर राहता येत नाही.

द्रावकांविषयी एक स्पष्टीकरण इथेच करून टाकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे धुळीच्या स्क्रबरमध्ये त्याचे बाष्पही काही काळ धरले जाते. पण तेच पाणी फिरत राहिले की त्यातील अल्कोहोल वाढत जाते आणि शेवटी जेवढे शोषले जाते तेवढेच पुन्हा हवेत परतते. डायक्लोरोमिथेन पाण्यात अत्यल्प विरघळते, त्यामुळे त्याच्यासाठी पाण्याचा स्क्रबर जवळजवळ निरुपयोगी आहे. धुळीसाठी घेतलेल्या स्क्रबरवर द्रावकाच्या नियंत्रणाचे श्रेय लिहिणारी कागदपत्रे या साध्या हिशेबापुढे टिकत नाहीत.

तीव्र परिणामाच्या औषधांसाठी, म्हणजे ज्यांची कामगाराच्या श्वासातील मर्यादा घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही खाली असते अशा घटकांसाठी, क्रमाचा प्रश्न निर्णायक ठरतो. खोलीतून निघणारी हवा प्रथम, खोलीच्या शक्य तितकी जवळ, सुरक्षितपणे बदलता येणाऱ्या हेपा फिल्टरमधून गेली पाहिजे. हे फिल्टर बदलताना पिशवीतच काढले जातात आणि पिशवीतच बसवले जातात. एच१४ दर्जाचा फिल्टर सर्वांत सहज निसटणाऱ्या आकाराच्या कणांपैकीही ९९.९९५ टक्के कण अडवतो. कोणताही व्यवहार्य स्क्रबर या आकड्याच्या आसपास येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्जंतुक नसलेल्या डोस स्वरूपांसाठीच्या वातानुकूलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हार्मोन, पेनिसिलिन, विषारी भुकटी यांसारख्या घातक पदार्थांच्या एक्झॉस्टवर शेवटी हेपा फिल्टर असावा अशी अपेक्षा आहे. स्क्रबर त्यानंतर, जादा संरक्षण म्हणून, बसवता येतो. हा क्रम उलटा करून हेपा स्क्रबरनंतर लावला तर संपृक्त हवा फिल्टरचा कागद ओला करते, दाब वाढतो आणि कागद फाटण्याची शक्यता निर्माण होते; तसे करायचेच असेल तर मध्ये चांगला डिमिस्टर आणि हवा काही अंश तापवणारा हीटर लागतो. शिवाय हेपाशिवाय स्क्रबर वापरला तर खोलीपासून छपरापर्यंतचा सगळा डक्ट आतून तीव्र औषधाने माखतो, आणि तो एक दिवस कोणाला तरी उघडावा लागणारच असतो.

आता टाकीकडे येऊ. व्हेंच्युरीला घनमीटर हवेमागे साधारण एक लिटर पाणी लागते असे धरले तर ताशी १०,००० घनमीटर हवेसाठी ताशी १०,००० लिटर पाणी फिरवावे लागते. एवढे पाणी एकदा वापरून सोडणे कोणालाच परवडत नाही, म्हणून ते टाकीतून पुन्हापुन्हा फिरते आणि पुन्हापुन्हा दूषित होते. हवेत घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम धूळ असेल तर ताशी अर्धा किलो आणि आठ तासांच्या पाळीत चार किलो धूळ येते. हजार लिटरच्या टाकीत याचा अर्थ ०.४ टक्के घन पदार्थ. त्याच वेळी पाण्याचे बाष्पही होत असते: २५ अंश तापमानाची आणि ५० टक्के आर्द्रतेची हवा संपृक्त होताना एवढ्या प्रवाहासाठी ताशी सुमारे ३५ लिटर पाणी घेऊन जाते, आणि ड्रायरच्या उष्ण हवेसाठी हा आकडा बराच वाढतो. फ्लोट झडपेने ताजे पाणी येत राहते म्हणून पातळी कायम दिसते, पण धूळ आणि ताज्या पाण्यातील क्षार मागेच राहतात. यासाठी ठरावीक प्रमाणात पाणी सतत काढून टाकणे किंवा प्रत्येक बॅचनंतर टाकी पूर्ण रिकामी करणे, यांपैकी एक पद्धत लेखी ठरलेली असली पाहिजे. औषधनिर्मितीत मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे, कारण त्यामुळे कोणत्या उत्पादनाची धूळ कोणत्या पाण्यात गेली याचा हिशेब ठेवता येतो.

टाकी रिकामी करण्याचे आणखी एक कारण जिवाणूंचे आहे. लॅक्टोज, स्टार्च आणि साखर विरघळलेले कोमट पाणी हे त्यांच्यासाठी अन्न आहे, आणि शनिवारी बंद केलेल्या स्क्रबरच्या टाकीला सोमवारी सकाळी येणारा आंबूस वास हे त्याचे लक्षण. वास हा या बाबतीतला किरकोळ त्रास म्हणायला हवा. लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश तापमानाच्या, जैविक थर धरलेल्या पाण्यात वाढतो आणि सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे माणसात शिरतो. स्क्रबर म्हणजे पाण्याचे तुषार करून हवेत मिसळणारे यंत्रच. २००५ मध्ये नॉर्वेतील सार्प्सबोर्ग आणि फ्रेडरिकस्टाड या शहरांत लिजिओनेलाची साथ आली, ५६ जणांना लागण झाली आणि १० जण दगावले. तपासात एका औद्योगिक कारखान्याचा एअर स्क्रबर हा स्रोत निघाला आणि दहा किलोमीटरहून अधिक अंतरावर राहणाऱ्यांनाही बाधा झाल्याचे आढळले. तो कारखाना औषधांचा नव्हता, पण स्क्रबरला ते माहीत नसते. कुलिंग टॉवरच्या पाण्याची जिवाणू चाचणी नियमाने करणारे अनेक कारखाने त्याच छपरावरच्या स्क्रबरच्या पाण्याकडे पाहतही नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

काढून टाकलेले पाणी कारखान्याच्या ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे, जाते आणि तिथे खऱ्या अडचणी सुरू होतात. लॅक्टोज आणि स्टार्च जैविक प्रक्रियेत सहज खाल्ले जातात, फक्त ऑक्सिजनची मागणी वाढवतात. सक्रिय घटकाचे मात्र तसे नाही. हार्मोन अत्यल्प प्रमाणातही जलचरांवर परिणाम करतात. प्रतिजैविक तर प्रक्रिया करणाऱ्या जिवाणूंनाच मारू शकते किंवा त्यांच्यात प्रतिरोध वाढवू शकते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील, प्रामुख्याने औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले. ते पाणी स्क्रबरचे होते असे कोणी म्हटलेले नाही. पण प्रक्रिया केंद्रात पाणी पोहोचले म्हणजे औषध संपले, ही समजूत त्या आकड्यापुढे टिकत नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या निर्मितीतील सांडपाणी आणि घनकचरा यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अशा उत्पादनांच्या स्क्रबरचे पाणी सर्वसाधारण गटारात न सोडता वेगळे साठवून, औषध निष्क्रिय करून किंवा जाळण्यासाठी पाठवून, मगच पुढचा विचार करावा.

निष्क्रिय करण्याविषयी बोलताना पेनिसिलिनचे उदाहरण नेहमी दिले जाते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पेनिसिलिनच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय उघडते आणि पेनिसिलोइक आम्लाचा क्षार तयार होतो. जंतुनाशक गुण जातो. मात्र जंतुनाशक गुण गेला म्हणजे अ‍ॅलर्जीचा धोकाही गेला असे नाही, कारण तुटलेल्या रेणूपासून बनणारे काही पदार्थ संवेदनशील व्यक्तीचे शरीर ओळखू शकते. म्हणून कॉस्टिकचा स्क्रबर हेपाऐवजी नव्हे, हेपानंतरच. त्यातही एक व्यावहारिक खोच आहे. बाहेर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच. ताशी १०,००० घनमीटर हवेबरोबर तो ताशी सात किलोपेक्षा अधिक जातो आणि त्यातला काही भाग कॉस्टिक खाऊन टाकतो. सकाळी मोजलेला पीएच दुपारपर्यंत उतरतो, शिवाय पाणी कठीण असेल तर नोझलवर कार्बोनेटचे कवच चढते. सकाळी एकदा पीएच पाहून दिवसभराची खात्री बाळगणे इथे चालत नाही. सतत मोजणारा प्रोब आणि त्याचे नियमित कॅलिब्रेशन लागते.

पाण्याची बाजू बिघडली की ती हवेच्या बाजूला कशी दिसते, हे दाबाच्या गेजवर वाचता येते, पण वाचण्याची सवय हवी. कोरड्या फिल्टरवर काम केलेल्या माणसाच्या मनात दाब वाढला म्हणजे वाईट आणि कमी म्हणजे चांगले असे समीकरण घट्ट बसलेले असते. व्हेंच्युरीत दाब खर्च होतो तो मुख्यतः पाण्याला वेग देण्यात. पंप बंद पडला, गाळणी तुंबली किंवा नोझल चोंदले की दाबातील फरक खाली येतो, हवा मात्र पूर्वीपेक्षा सुरळीत वाहते, मशीनवर धूळ छान ओढली जाते आणि सगळे उत्तम चालल्यासारखे वाटते. त्याच वेळी धूळ न धुता बाहेर जात असते. म्हणून नोंदवहीत दाबाची वरची मर्यादा जेवढी महत्त्वाची तेवढीच खालची, आणि पाण्याच्या प्रवाहाचे स्वतंत्र मापक असल्याशिवाय दाबाच्या आकड्याला अर्थ नाही. पंपाचा विद्युतप्रवाह पाहून समाधान मानू नये. झडप बंद असतानाही पंप फिरत राहतो. पाण्याचा प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आधी इशारा आणि मग मशीनला माल देणे बंद, असे इंटरलॉक असावे. ब्लोअर मात्र लगेच बंद करू नये, कारण तो बंद झाला की खोलीतील ऋण दाब जातो आणि धूळ मार्गिकेत येते. खोल्यांमधील दाबाचा फरक जेमतेम १५ पास्कलच्या आसपास असतो आणि तो ढळायला फारसा वेळ लागत नाही.

एकाच स्क्रबरला अनेक खोल्या जोडण्याचा मोह याच संदर्भात तपासावा. चालू असताना सगळी हवा एका दिशेने जाते, पण वीज गेल्याक्षणी तोच डक्ट दोन वेगवेगळ्या उत्पादनांच्या खोल्यांमधला मोकळा रस्ता होतो, आणि त्यात स्क्रबरची दमट हवा भर घालते. उलटा प्रवाह रोखणारे डॅम्पर बसवलेले असतात, मात्र पपडी धरलेला डॅम्पर पूर्ण बंद होत नाही. स्वतंत्र स्क्रबर परवडत नसेल तर निदान एका वेळी एकाच उत्पादनाचे काम जोडलेल्या खोल्यांत चालेल असे नियोजन करावे.

डिमिस्टरचा उल्लेख आतापर्यंत ओझरता आला, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. पाण्याने पकडलेली धूळ थेंबांबरोबर निसटली तर सगळे परिश्रम वाया जातात. टाकीत ०.४ टक्के घन पदार्थ असताना २० मायक्रॉनचा एक थेंब निसटला आणि बाहेर वाळला, तर त्यातून सुमारे ३ मायक्रॉनचा कण उरतो, म्हणजे श्वासातून खोलवर जाऊ शकेल एवढ्या आकाराचा. पाणी जितके दाट तितका हा कण मोठा आणि एकूण उत्सर्जनही मोठे. घडीच्या पात्यांचा डिमिस्टर साधारण १० ते २० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब अडवतो. तारेच्या जाळीचा त्याहून बारीक थेंब धरतो, पण पॉलिमरच्या धुळीने लवकर तुंबतो. माझी पसंती पात्यांना आणि त्यांच्यावर ठरावीक वेळाने स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याला. हे धुण्याचे पाणी टाकीतून घेण्याची काटकसर करू नये. धुरांड्याभोवतीच्या छपरावर पांढरे ठिपके दिसू लागले तर डिमिस्टर तुंबला आहे किंवा त्यातील हवेचा वेग मर्यादेपलीकडे गेला आहे असे समजावे.

शेवटी मोजमाप. धुरांड्यातील धूळ मोजताना नमुन्याच्या नळीत शिरणाऱ्या हवेचा वेग धुरांड्यातील वेगाइतकाच ठेवावा लागतो, नाहीतर जड कणांचे प्रमाण चुकते. आणि हवा संपृक्त असल्याने नमुन्याचा फिल्टर गरम ठेवावा लागतो, नाहीतर तो भिजतो. हे प्रयोगशाळांना माहीत असते. नमुना कोणत्या वेळी घ्यायचा हे मात्र कारखान्याने ठरवायचे असते, आणि तिथे नेमकी पळवाट निघते: सोयीच्या दिवशी, हलक्या धुळीच्या उत्पादनावर, नुकत्याच भरलेल्या ताज्या पाण्यावर मोजमाप होते. ते सर्वांत बारीक भुकटीच्या बॅचच्या शेवटच्या तासात, टाकी सर्वांत दाट असताना व्हावे. त्याच वेळी टाकीतील पाण्याचा नमुना घेऊन त्यातील सक्रिय घटक मोजला, तर मशीनमधून गेलेला, पाण्यात सापडलेला आणि धुरांड्यातून निसटलेला, असा तिन्हींचा ताळा घालता येतो. हा ताळा जुळत नसेल आणि पाण्यात अपेक्षेपेक्षा कमी भरत असेल, तर पहिली झडती डक्टच्या आडव्या भागांची घ्यावी. उरलेली धूळ बहुधा तिथेच बसलेली असते.